सिस्टरांचं बर्फाचं वर्ष

"दुखेल," असं सांगितल्याशिवाय सिस्टरांनी कधी कुणाला सुई टोचली नाही. आम्ही बाकीच्या नर्स "काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल" म्हणत पेशंटचं लक्ष दुसरीकडे वळवायला शिकलो होतो. सिस्टर सरळ त्याच्या डोळ्यांत बघत आणि म्हणत, "दुखेल. पण सोसवेल तुम्हाला." भट्टीवर काम करणारे दांडगे गडी या वाक्याला घाबरायचे. दुसऱ्या वेळी मात्र दारातून आत डोकावून तेच विचारायचे, "सिस्टर आहेत का? मग येतो."

कारखाना पिंपरीत होता. तेव्हा रस्त्याच्या कडेने एकेक कंपनी उभी राहत होती आणि मधल्या मोकळ्या रानात अजून ज्वारी डुलायची. आमच्या फाटकाला लागून दोन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टर सकाळी तासभर येऊन जात, बाकीचा दिवस सिस्टर चालवत. परभणीकडून नर्सिंग करून मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा सत्तर साल जवळ आलं होतं. सिस्टर चाळिशीच्या आसपासच्या. उंच, हडकुळ्या, रापलेल्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही."

मी लागले त्याच वर्षी प्रेस शॉपमध्ये लातूरकडच्या एका पोराचा हात यंत्रात सापडला. चौघांनी त्याला उचलून आणलं. "राहतील रे बोटं, काय नाय होत भावा," असं सगळे त्याला सांगत होते. पोरगा पांढराफटक पडला होता. त्याने सिस्टरांनाच विचारलं, "राहतील ना?"

त्यांनी हात नीट पाहिला. "तीन जातील," त्या म्हणाल्या. "अंगठा आणि करंगळी राहील. अंगठा असला की पाना धरता येतो."

सोबतच्या माणसांनी मान फिरवली. मला सिस्टरांचा त्या क्षणी राग आला. पोरगा मात्र शांत झाला आणि त्याने पाणी मागितलं. पुढे महिन्याभराने पट्टी बदलायला आला तेव्हा मला म्हणाला, "ताई, सगळे खोटं बोलत होते ते कळत होतं. त्यामुळं वाटत होतं, मी मरणारच आहे."

'बघू', 'जमलं तर', 'नक्की सांगता येत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हते. हो किंवा नाही. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला त्या तोंडावर सांगत, "मी येणार नाही. सुखी राहा." लोक तिरसट म्हणायचे. पण त्यांच्या 'हो'ची किंमतही लोकांना ठाऊक होती. थेरगावच्या एका बाईला त्यांनी बाळंतपणाला येईन म्हणून सांगितलं होतं. ऐन वेळी पवनेला पूर आला आणि पूल पाण्याखाली गेला. सिस्टर लांबचा वळसा घेऊन, चिखल तुडवत, संध्याकाळपर्यंत थेरगावात पोचल्या. तिथली सुईण म्हणाली, "आवं, न्हाई आलं तरी कुनी काय म्हटलं नसतं." सिस्टर पाय धूत म्हणाल्या, "मी हो म्हणाले होते."

संत तुकाराम नगरात आम्ही दोघी कंपनीच्या एका खोलीत राहायचो. एप्रिलचा महिना होता, पत्रा तापून उलटा वाफा टाकत होता, आणि सिस्टर दाराशी बसून जाड लोकरीचे मोजे विणत होत्या.

"कुणासाठी, सिस्टर?"

"माझ्यासाठी. बर्फात लागतील."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी सुया खाली ठेवल्या आणि सरळ सांगितलं. युरोपात डोंगरात एखाद्या दवाखान्यात एक वर्ष काम करायचं. बर्फ पडायच्या आधी पोचायचं, तिथली भाषा कानावर घ्यायची, आणि बर्फ पडला की सुट्टीच्या दिवशी पायाला लाकडी पट्ट्या बांधून उतारावरून घसरत उतरायला शिकायचं. बर्फ वितळला की परत यायचं.

"आणि मग?"

"मग काय? मग इथे ड्रेसिंग करायची."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "तुला हसू येणार हे मला माहीत होतं," म्हणाल्या आणि पुन्हा विणायला लागल्या.

त्या पट्ट्या त्यांनी आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रीचाचांकडून करून घेतल्या. चाचा पिंपरी गावात राहायचे, सुतारकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी घराच्या अंगणात त्यांनी देवदाराच्या दोन फळ्या रंधून, पुढची टोकं वाफेवर वाकवून वर वळवली. आम्ही आणायला गेलो तेव्हा शेजारपाजारचे सगळे जमले होते.

"सिस्टर, लोक विचारतात काय बनवलं, अन् मला सांगता येत नाही," चाचा म्हणाले. "पाळणा म्हणू का नांगर म्हणू?"

"सांगा, सिस्टरांच्या चपला."

"या अल्ला," चाचा म्हणाले, आणि फळ्यांवरून पुन्हा एकदा हात फिरवून, कुठे कुसळ राहिलं नाही ना, ते बघून त्यांनी त्या दिल्या.

निगडीची टेकडी तेव्हा उघडी होती. आता बाग आहे, तिकीट आहे. पावसाळ्यानंतर तिथे कमरेएवढं गवत वाढायचं आणि पौषात ते वाळून पिवळं, गुळगुळीत होऊन उतारावर झोपायचं. सिस्टरांच्या मते घसरायला तेवढं पुरे होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघी फळ्या खांद्यावर घेऊन जायचो. त्या नऊवारीसारखा कासोटा घालून पातळ नेसायच्या, फळ्यांना खालून मेण चोळायच्या, बूट पट्ट्यांनी आवळायच्या आणि दोन काठ्या घेऊन उभ्या राहायच्या. मग चार हात घसरायच्या आणि पडायच्या. उठायच्या, फळ्या सोडायच्या, वर चढायच्या.

एक धनगर मेंढरं घेऊन जाताना थांबला. बराच वेळ बघत उभा राहिला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"बाई, पायवाट हाय की पल्याड. तिकडून का न्हाई उतरत?"

"मला असंच उतरायचंय."

"पडशीला."

"हो. पडतेच आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. पुढच्या रविवारी गावातली माणसंच बघायला आली. एक म्हातारी जवळ येऊन मायेने म्हणाली, "बाये, तुला घरी कुनी न्हाई का?" सिस्टर म्हणाल्या, "आई आहे. भाऊ आहे." "मग?" म्हातारीने विचारलं. सिस्टर फळ्या उचलून पुन्हा वर चढायला लागल्या. त्या दिवशी त्या वाईट पडल्या. हनुवटी फुटली, मी तिथेच दगडावर बसवून टाका घातला. टाका घालताना मी नेहमीसारखं म्हणून गेले, "काही नाही, सिस्टर, आत्ता होईल." त्या म्हणाल्या, "दुखतंय गं. घाल."

त्याच दगडावर बसून त्यांनी मला कारण सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

चीनच्या लढाईनंतर त्या एका लष्करी इस्पितळात कामाला होत्या. वरच्या बर्फातून जवान यायचे, त्यांच्या हातापायांची बोटं कोळशासारखी काळी पडलेली असायची. त्यांत माण तालुक्यातला एक हवालदार होता. त्याचे दोन्ही पाय घोट्याच्या वर काढावे लागले. रोज ड्रेसिंग सिस्टर करायच्या. बाकीचे ओरडायचे, हा बोलत राहायचा. लढाईचं काही नाही. लढाईच्या आधी त्याला काश्मीरमध्ये बर्फावर चालायचं शिक्षण दिलं होतं, तेवढंच तो सांगायचा. दुष्काळी गावचा माणूस. पाणी बघायला कोस कोस चालणारा. त्याने पहिल्यांदा एवढा पांढरा मुलूख पाहिला. कसे सगळे पडायचे, एकमेकांवर आदळायचे. आणि मग एक दिवस सकाळी तो अख्खा उतार न पडता खाली आला.

"तो म्हणायचा, सिस्टर, अंगाला वजनच राहत नाही. लहानपणी आई कडेवर घेऊन पळायची ना, तसं वाटतं. पाय कापलेला माणूस मला हे सांगत होता. मी जखम पुसत होते."

त्यांनी हनुवटीवरचा टाका बोटाने चाचपला.

"एक दिवस म्हणाला, 'माझं तर आता ऱ्हायलं. तुमी एकदा जाऊन या.' मी हातातल्या कामाच्या नादात हो म्हणाले. म्हणाले, आणि मग कळलं काय बोलून बसले ते."

"त्यांनी चेष्टेत म्हटलं असेल, सिस्टर."

"त्याने चेष्टेतच म्हटलं. मी चेष्टेत हो म्हटलं नाही."

माझ्या मनात जे आलं ते मी विचारून टाकलं. तुमचं त्यांच्यावर मन होतं का? त्यांनी विचार करून उत्तर दिलं. "तो बायकोमुलांचा माणूस. मन असतं तर तुला सांगितलं असतं. नव्हतं. पण त्याच्यासारखं आनंदाने बोलताना मी आयुष्यात दुसरं कुणी पाहिलं नाही."

"मग काश्मीरलाच जा ना. एवढ्या लांब कशाला?"

"चार दिवस पाहुणी म्हणून जायचं आणि फोटो काढून यायचं? तो तिथे नोकरी करत करत शिकला. मला फुकट मजा जमत नाही. काम करेन, आणि सुट्टीला शिकेन. नर्सला जिथे काम मिळेल तिथे जायला हवं."

काम मिळालं ते पोटदुखीमुळे. कारखान्यात नवी यंत्रं बसवायला ऑस्ट्रियाचा एक इंजिनिअर आला होता. आल्या आठवड्यात त्याचं पोट बिघडलं आणि तो दवाखान्यात येऊन पडला. सिस्टरांनी त्याला पेज पाजली आणि बरा होईपर्यंत त्याच्याकडून त्याची भाषा शिकल्या. पहिलं वाक्य त्यांनी विचारून घेतलं ते 'दुखेल' हे. ही बाई बर्फावर घसरायला येणार म्हटल्यावर तो पोट धरून हसला. एका रविवारी गंमत बघायला म्हणून टेकडीवर आला. त्यांना वाळल्या गवतावर चौथ्यांदा पडताना पाहिल्यावर त्याचं हसू गेलं. त्याने कोट काढला, खाली उतरला आणि त्यांच्यासमोर उभं राहून गुडघे कसे वाकवायचे, अंग पुढे कसं टाकायचं ते दाखवायला लागला. सिस्टर घाबरून मागे रेलायच्या. तो म्हणायचा, उताराला पाठ दाखवली की पडलात. त्याची एक मावशी डोंगरातल्या छोट्या गावच्या इस्पितळात होती. जाताना तो म्हणाला, मी तिला सांगतो. आणि त्याने खरोखर सांगितलं.

मग रजेचा प्रश्न आला. पर्सोनेल ऑफिसर माणूस वाईट नव्हता. सिस्टरांनी त्याच्या आईची दुखणी काढली होती. आम्ही दोघी त्याच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा त्याने स्वतः उठून खुर्ची दिली.

"एक वर्ष बिनपगारी? कशासाठी? उच्च प्रशिक्षण म्हणू या, लगेच होईल."

"प्रशिक्षण नाहीये ते."

"आजारपण?"

"मी ठणठणीत आहे."

"घरची अडचण?"

"काही अडचण नाही."

"अहो, मग अर्जात कारण काय लिहू?"

"बर्फावर चालायला शिकण्यासाठी आणि तिथे काम करण्यासाठी."

त्याने पेनाला टोपण घातलं. "सिस्टर, एक शब्द बदला. मी हात जोडतो. एक शब्द. नोकरी राहील तुमची."

"एक शब्द बदलला तर मी दुसऱ्याच कशाला तरी जाईन," त्या म्हणाल्या. "तुम्हाला अडचणीत नाही टाकत. राजीनामा देते."

बाहेर आल्यावर मी रडले. मला वाटलं, या बाईला कुणी तरी धरून हलवायला हवं. राजीनाम्याने खोली जाणार होती, म्हातारपणची सोय जाणार होती. एका शब्दापायी. त्या मला म्हणाल्या, "तू रड. मला आता काम आहे," आणि दवाखान्यात जाऊन औषधांच्या बाटल्या मोजून नव्या नर्ससाठी लावून ठेवायला लागल्या.

भाऊ रत्नागिरीहून आला तो भरल्या डोळ्यांनीच. बायका-मुलांचा, साधा शाळामास्तर. मी बाहेर जायला उठले तर सिस्टर म्हणाल्या, "बस गं. लपवायचं काही नाही."

"आईने दोन दिवस अन्न घेतलं नाही, ताई."

"मी आल्यावर घेईल."

"लोकांना काय सांगू मी?"

"खरं ते सांग."

"खरं काय आहे? या वयात बहीण बर्फात खेळायला गेली, असं सांगू? लोक म्हणतील डोकं फिरलं. नाहीतर दुसरंच काही म्हणतील."

"म्हणू देत."

"मी सांगेन, परदेशात मोठ्या नोकरीला गेली."

"नोकरी करणारच आहे. पण मोठी आहे असं सांगू नकोस, मला माहीत नाही. आणि बर्फाचंही सांग. दोन्ही सांग."

भावाने पंच्याने डोळे पुसले.  जाताना वाकून बहिणीच्या पाया पडला आणि म्हणाला, "पडू नकोस." सिस्टर म्हणाल्या, "पडेन रे. पण येईन."

कंपनीत त्यांचं नाव 'बर्फवाली' पडलं होतं. गेल्या त्या दिवशी पहिली शिफ्ट सुटत होती आणि दुसरी आत जात होती. हसणारेच फाटकाशी उभे होते.  लातूरच्या त्या पोराने त्यांची ट्रंक उचलली आणि स्टेशनपर्यंत नेली.

वर्षभरात त्यांची पत्रं आली ती दोन-चार ओळींची. इथे थंडी आहे. काम आहे. बटाटे फार खातात. बर्फ पडला. अजून जमत नाही. अजून जमत नाही. फेब्रुवारीत आलेल्या पत्रात एकच ओळ होती: 'काल जमलं.'

मे महिन्यात त्या आल्या. त्या येणार नाहीत अशी पैज लावणारे हरले. चेहरा काळाभोर झालेला आणि डोळ्यांभोवती चष्म्याच्या आकाराची गोरी वर्तुळं. सगळ्यांनी त्यांना घेरलं. तिकडे तुम्ही मोठ्या नर्स होतात ना? "नाही," सिस्टर म्हणाल्या. "माझं सर्टिफिकेट चाललं नाही. म्हाताऱ्यांची पुसापुशी करायचं काम दिलं. एक आजोबा माझा हात लागू द्यायचे नाहीत, काळा आहे म्हणून. नंतर लागू द्यायला लागले, कारण दुसरं कुणी नव्हतं." आणि बर्फावर? "वाईट. पाच वर्षांची पोरं माझ्या पुढून जायची. फार एकटं वाटायचं. रडले पण." ऐकणाऱ्यांची निराशा झाली. एवढं करून हेच आणलं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. सिस्टरांना त्याचं काही वाटलं नाही.

कारखान्याने त्यांना परत घेतलं नाही, आणि त्यांनीही तक्रार केली नाही. थेरगावात एका डॉक्टरांकडे त्या लागल्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांतली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातून झाली. माझा पहिला मुलगाही. "दुखेल," मला म्हणाल्या, आणि दुखलं. पुढे आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्या कायमच्या रत्नागिरीला गेल्या. आईमागून दोन वर्षांत त्याही गेल्या. तेव्हा ऐंशी साल उलटून गेलं होतं. भावाने तार केली, मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. लोक विचारतात, त्या बाईचं पुढे काय झालं, म्हणून हे सांगितलं. पण मला त्यांची आठवण येते ती एका वेगळ्याच दिवसाची. परदेशाहून आल्यावर आठवड्याभरात त्या माझ्याकडे आल्या होत्या.

"चल," म्हणाल्या, "माणला जायचंय. हवालदाराला सांगायचंय."

आम्ही एसटीने गेलो. वैशाखातलं ऊन होतं. फाट्यावर उतरून गावापर्यंत चाललो. कुठे हिरवं पान नव्हतं. घर विचारत विचारत गेलो तर अंगणात एक बाई शेळीला पाला घालत होती. सिस्टरांच्याच वयाची, काटक, कपाळ उघडं. 

"हवालदार..." सिस्टरांनी सुरुवात केली.

"गेलं ते," बाई म्हणाली. "पावसाळ्यात. काविळीनं. तुमी कोन?"

त्या पावसाळ्यात सिस्टर नुकत्याच तिकडे पोचल्या होत्या. त्यांनी ओट्याच्या काठाला हात लावला आणि तिथेच बसल्या. मी पहिल्यांदा त्यांना न विचारता कुणाकडे बसताना पाहिलं. मग त्यांनी सांगितलं, मी कोण, कुठल्या इस्पितळातली, आणि आता कुठून आले. काहीच गाळलं नाही.

बाई ऐकत उभी राहिली. तिच्या हातातला पाला तसाच होता.

"त्या बर्फानं माजा मानूस अर्दा केला," ती म्हणाली. "धा वर्सं मी त्येला उचलून ठेवलं, उचलून न्हाऊ घातलं. आन तुमी त्याच्यात खेळाया गेलता?"

"हो."

मला वाटलं, आता ती आम्हाला हाकलून देणार. शेळी तिच्या हातातला पाला ओढत होती, तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"का पर?"

"त्यांनी सांगितलं होतं, वहिनी. एकदा जाऊन या म्हणून."

"ते? बर्फात जावा म्हनून ते सांगतील? बर्फाचं नाव काडू द्यायचं न्हाईत घरात. झोपेत वरडायचं."

"लढाईतल्या बर्फाचं असेल ते. त्याच्या आधीचं ते मला सांगायचे."

"त्याच्या आदी काय हुतं?"

सिस्टरांनी सांगायला सुरुवात केली. काश्मीरमधली सकाळ. पोरगेल्या वयाचे जवान, पायांना फळ्या बांधलेले, एकावर एक आदळणारे. हवालदार कसा पहिल्याच दिवशी उस्तादाच्या अंगावर जाऊन पडला. सगळे कसे पोट धरून हसले.

"हसायचं का तितं ते?" बाईने मध्येच विचारलं.

"हो. फार हसायचे. सांगतानाही हसायचे."

"हितं न्हाई हसलं कदी." ती हळूहळू येऊन ओट्यावर सिस्टरांच्या शेजारी बसली. "मला काय सांगितलं न्हाई त्यांनी. मी बी न्हाई इचारलं. त्यांला तरास हुईल म्हनून." थोड्या वेळाने तिने विचारलं, "काय असतंय त्यात येवडं?"

 हे सिस्टरांना शब्दांनी सांगता येईना. त्या उठल्या, अंगणात गेल्या, हात पुढे केले. "या," म्हणाल्या.

बाई लाजली, इकडेतिकडे पाहिलं. मग पदर खोचून उठली. सिस्टरांनी तिचे दोन्ही हात धरले. "गुडघे थोडे वाकवा. अजून. अंग पुढे. मागे रेलायचं नाही, भीती वाटली तरी. डोळे मिटा. समोर सगळं पांढरं आहे. वारा तोंडावर येतोय. आता या पायावर भार टाका. आता या."

भर उन्हात, त्या तांबड्या मातीच्या अंगणात, दोन चाळिशी उलटलेल्या बायका एकमेकींचे हात धरून एकदा इकडे कलत होत्या, एकदा तिकडे. घरातून सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. मिटल्या डोळ्यांनी बाईच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. तिच्या ओठांतून एक बारीक आवाज आला. ते हसू आहे हे मला उशिरा कळलं.

बऱ्याच वेळाने सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता सपाटी आली, वहिनी. पोचलो आपण खाली."

बाईने त्यांचे हात आणखी घट्ट धरले.

"जरा थांबा," ती म्हणाली. "मी अजून न्हाई आले."